सराटा (गोखरू): औषधी उपयोग, पुरावा आणि सुरक्षितता

सराटा ही जमिनीलगत पसरणारी काटेरी रानवनस्पती आहे (लॅ. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, कुल–झायगोफायलेसी). सोलापूर जिल्ह्यातल्या कोरड्या माळांवर, ज्वारीच्या बांधांवर आणि रस्त्याच्या कडेला पाऊस पडून गेला की तिचे वेल चटईसारखे पसरतात. फुले पिवळी, 5 पाकळ्यांची असतात. वाळलेल्या फळाचे 5 तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर सहसा दोन मोठे व दोन लहान काटे असतात. तो कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. सायकलच्या टायरला, मेंढरांच्या खुरांना आणि पंढरीच्या वाटेवरच्या अनवाणी पायांना त्याचा चांगलाच परिचय आहे.

आयुर्वेदात ही वनस्पती गोक्षुर, त्रिकंटक आणि श्वदंष्ट्रा या नावांनी येते. दशमूळ या दहा मुळ्यांच्या औषधसंचापैकी ती एक, आणि चरकसंहितेने मूत्रकृच्छ्र (लघवी त्रासाने होणे) व वात यांवरच्या द्रव्यांत तिला श्रेष्ठ मानले आहे. लोकव्यवहारातला उपयोगही याच वाटेने जातो: उन्हाळी लागणे, लघवी अडखळत होणे, मुतखडा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. शेतात किंवा यंत्रमागावर राबणाऱ्याचा घाम खूप जातो, पाणी कमी पडते, लघवी दाट होते आणि खडे धरायला अनुकूल स्थिती तयार होते. त्यामुळे गोखरूच्या काढ्याला इथे गिऱ्हाईक मिळते यात नवल नाही.

काढ्याने खडा पडतो का, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत सराट्याच्या अर्काने लघवीचे प्रमाण वाढल्याचे आणि खडे बनवणाऱ्या ऑक्झलेट या क्षाराचे उत्सर्जन घटल्याचे आढळले आहे. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. 5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडून जातात, आणि काढा घेणारा माणूस त्या दिवसांत पाणीही भरपूर पितो. खडा पडतो तेव्हा श्रेय काढ्याला जाते. हे श्रेय काढ्याचे, पाण्याचे की काळाचे, ते ठरवायला काढा घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या रुग्णांची नीट तुलना लागते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव टाकाऊ नाही, पण त्या तुलनेची जागा तो घेऊ शकत नाही.

व्यायामशाळांत विकल्या जाणाऱ्या सराट्याच्या गोळ्यांबाबत चित्र जास्त स्पष्ट आहे. ‘ट्रिब्युलस’ घेतल्याने टेस्टोस्टेरॉन वाढते, हा दावा बल्गेरियात तरुण पुरुषांवर तपासला गेला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत 4 आठवड्यांनंतरही संप्रेरकात फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंनी 5 आठवडे रोज 450 मिलिग्रॅम अर्क घेतला, तरी गोळी न घेणाऱ्यांपेक्षा त्यांची ताकद अधिक वाढली नाही. तालुक्याच्या जिममध्ये हजार-दीड हजार रुपये मोजणाऱ्या पोरांपर्यंत ही माहिती पोचायला हवी. स्त्रियांच्या कामेच्छेवर आणि मधुमेहात रक्तशर्करेवर इराणमधल्या छोट्या चाचण्यांत काही फायदा दिसला आहे, पण त्यांवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्रेपासून सुरू होतो. मुतखडा होऊ नये म्हणून सराट्याचे पाणी मोठ्या प्रमाणात प्यायलेल्या इराणमधल्या एका धडधाकट तरुणाला झटके आले, मूत्रपिंड आणि यकृत यांना इजा झाली. ते बंद केल्यावर तो सुधारला. एका प्रकरणावरून सगळ्यांना भीती घालणे बरोबर नाही. तरी ज्या अवयवासाठी काढा घेतला त्यालाच अपाय झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. धनगरांनी दखल घ्यावी अशीही एक गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेत सराटा चरलेल्या मेंढ्यांच्या पित्तनलिकांत सराट्यातल्या सॅपोनिन या द्रव्यापासून बनणारे स्फटिक साठतात, कावीळ होते आणि उन्हाने तोंड सुजते. ऑस्ट्रेलियात महिनोन्‌महिने त्यावर चरलेल्या मेंढ्यांचे मागचे पाय लुळे पडल्याची नोंद आहे.

पण सर्वांत मोठा धोका नावात आहे. ‘गोखरू’ म्हणून तीन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एक सराटा. दुसरे मोठे गोखरू (पेडॅलियम म्युरेक्स), ज्याची ताजी पाने पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होते. दुकानात त्याची फळे लहान गोखरूच्या, म्हणजे सराट्याच्या, जागी येऊ शकतात. तिसरे मात्र विषारी आहे. ओढ्याकाठी, पाणथळ पडीक रानात उभे वाढणारे, रुंद पानांचे आणि आकड्यांसारख्या काट्यांनी कपड्यांना चिकटणारे झॅन्थियम, म्हणजे शंकेश्वर किंवा लांडगा, यालाही अनेक शेतकरी गोखरूच म्हणतात. त्याच्या बियांतले आणि कोवळ्या रोपांतले विष यकृत निकामी करते आणि रक्तातली साखर धोकादायक रीतीने खाली आणते. 2007 मध्ये बांगलादेशाच्या ईशान्य भागात अन्नटंचाईच्या दिवसांत लोकांनी ही रोपे भाजी म्हणून खाल्ली. 76 जण आजारी पडले, त्यांपैकी 19 दगावले. म्हणून कोणी ‘गोखरू आणून उकळ’ असे सांगितले, तर कोणते गोखरू हे आधी विचारावे. झाड जमिनीवर पसरलेले, पाने चिंचेच्या पानांसारखी बारीक दलांची आणि फळाचे पाच तुकडे होणारे असेल तरच तो सराटा.

गरोदर व स्तनदा स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी काढा स्वतःहून घेऊ नये. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम वाढू शकतो. तेव्हा काढा घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे, वैद्यांना गोळ्या दाखवाव्यात. कमरेच्या कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असताना कळ उठली, तर काढ्यात वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो.