गायनी चोंदली म्हणजे नेमकं काय चोंदलं?

"वायसर ठीक हाय, गायनी चोंदली." फवारणी पंपाच्या दुरुस्तीवर नव्याने लागलेला पुण्याकडचा मुलगा हे ऐकून थबकतो. गाय? गाणं? वस्तू त्याच्या हातातच असते: टाकीच्या तोंडातली गाळणी.

पश्चिम विदर्भातल्या वऱ्हाडी बोलीत ळ चा बहुधा य होतो आणि ण चा न. डोळा-डोया, केळी-केयी, पाणी-पानी. 'गाळणी'त दोन्ही बदल एकदम होतात, म्हणून शब्द ओळखीचा वाटत नाही. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. य म्हणताना टोक खालीच राहतं, मधला भाग टाळूजवळ जातो पण टेकत नाही. पूर्वेला झाडीबोलीत त्याच ळ चा र होतो. तिथे डोळ्याचा डोरा. हे चुकीचे उच्चार नव्हेत, त्या बोलींचे पक्के नियम आहेत. म्हणूनच शब्द उलटा सोडवता येतो.

आधी शब्द ऐकला तसाच लिहा, मनाने शुद्ध करू नका. मग य च्या (झाडीत र च्या) जागी ळ आणि न च्या जागी ण घालून पाहा. मात्र प्रत्येक य मागे ळ नसतो. गाय ही गायच. 'नयी दे' म्हटलं की मराठी मुलाला नळी सुचेल, पण मध्य प्रदेशातून आलेला मजूर नवी वस्तू आणून देईल. हा गुंता नियमाने सुटत नाही, वस्तूवर बोट ठेवूनच सुटतो.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, गोंगाटात अडचण वेगळी. 1970 मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी काढून तिथे खोकला भरला. 20 पैकी 19 श्रोत्यांना काही गळाल्याचं जाणवलंच नाही. गाळलेली जागा मेंदू स्वतः भरतो, म्हणून चुकीचं ऐकणाराही खात्रीने ऐकतो. त्यात तोंडाला दुपट्टा बांधलेला असला की प, ब, म ओठांवरून कळतात तेही जातं.

अशा वेळी नुसतं "काय?" विचारू नये. समोरचा तोच शब्द ओरडून सांगतो, आणि ओरडण्याने स्वर जितके वाढतात तितकी व्यंजनं वाढत नाहीत. "काय चोंदली म्हणता, भाऊ?" असं कळलेलं ठेवून न कळलेलं तेवढंच विचारावं. तरी अडलं तर "ते कुठं बसते?" असं विचारावं, म्हणजे उत्तरात दुसरे शब्द येतात.

फोनवर औषधाचं माप घेताना सर्वांत जपावं. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झचाच आवाज जातो. स चा बराच सळसळाट त्याच्या वर असतो. 'सात' आणि 'साठ' यांत तर फरक शेवटच्या एका व्यंजनाचा. पंपाला 7 मिली की 60 मिली, हे अंक सुटे करून वदवून घ्यावं: "सहा, शून्य?" मग आकडा डब्यावरच्या लेबलाशी ताडून पाहावा आणि त्यानंतरच झाकण उघडावं.