डॉट सिक्युरिटी: सुरक्षा व्यवसायासाठीच्या डोमेन एक्स्टेन्शनची पार्श्वभूमी

‘डॉट सिक्युरिटी’ आणि ‘डॉट प्रोटेक्शन’ ही दोन डोमेन एक्स्टेन्शन, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे शेवटचे भाग, आज कुणालाही विकत घेता येतात. गार्ड पुरवणारी एजन्सी, सीसीटीव्ही बसवणारा, बँकेचं नेटवर्क तपासणारी सायबर कंपनी, किंवा या धंद्याशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशी एखादी व्यक्ती, सगळ्यांना नियम एकच: पैसे भरा आणि नाव घ्या. परवाना किंवा अनुभवाचा दाखला कुणी मागत नाही. ही मोकळीक आपोआप आलेली नाही. 2013 ते 2015 या काळात झालेल्या एका वादाच्या निकालातून ती आली, आणि त्या वादात सुरक्षा हा विषयच नव्हता.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. डॉट कॉम, डॉट ऑर्ग वगैरे मंडळी 1985 पासूनची. 2000 साली सात नवी एक्स्टेन्शन मंजूर झाली. त्यातलं डॉट एअरो विमान वाहतूक क्षेत्रासाठी आणि डॉट म्युझियम संग्रहालयांसाठी राखीव होतं, म्हणजे अर्जदार खरोखर त्या क्षेत्रातला आहे का हे तपासूनच नाव मिळे. डॉट प्रो तर परवानाधारक डॉक्टर, वकील, हिशेबनीस यांच्यासाठी होतं. धंदा तपासून नाव देणं ही कल्पना त्यामुळे तेव्हाही नवी नव्हती. डॉट प्रोवरची बंधनं 2015 मध्ये उठवली गेली आणि ते सर्वांना खुलं झालं. ज्या वर्षी सुरक्षेच्या नावांचं भवितव्य ठरत होतं, नेमकं तेच हे वर्ष.

जून 2011 मध्ये सिंगापूरच्या बैठकीत मोठा निर्णय झाला. जगभरच्या नावव्यवस्थेचा कारभार पाहणाऱ्या, कॅलिफोर्नियातल्या ना-नफा संस्थेने कुठल्याही शब्दाच्या एक्स्टेन्शनसाठी अर्ज करायची मुभा दिली. प्रत्येक अर्जाचं शुल्क 1,85,000 डॉलर. जानेवारी 2012 मध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि 12 एप्रिलला मुदत संपायच्या दिवशीच अर्जांची ऑनलाइन यंत्रणा बंद ठेवावी लागली, कारण काही अर्जदारांना दुसऱ्यांच्या फाइलींची नावं दिसत होती. ती पुन्हा सुरू होऊन काम आटोपायला मे महिना संपत आला. 13 जूनला लंडनमध्ये यादी जाहीर झाली तेव्हा 1,930 अर्ज आलेले दिसले.

त्या यादीत सुरक्षेशी जवळीक सांगणारे शब्द बरेच होते. सगळ्यात विचारपूर्वक केलेला प्रस्ताव होता डॉट सिक्युअरचा. मँचेस्टरच्या एका माहिती-सुरक्षा कंपनीने त्यासाठी अमेरिकेत वेगळी कंपनी काढली होती. नाव घेणाऱ्याची ओळख आधी पटवायची, साइटवर प्रत्येक पान एन्क्रिप्टेड (वाटेत कुणाला वाचता येणार नाही असं) असलंच पाहिजे, डीएनएसचे, म्हणजे वेबनावावरून साइटचा सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेचे, रेकॉर्ड डिजिटल सहीने प्रमाणित हवेत, आणि साइट हे नियम पाळते की नाही याची वारंवार तपासणी करायची, असा तो आराखडा. नावाच्या शेवटी डॉट सिक्युअर दिसलं की त्यामागे तपासणी झालेली आहे असा भरवसा निर्माण करणं हा त्याचा उद्देश. पण त्याच शब्दासाठी एका बलाढ्य ऑनलाइन विक्री कंपनीचाही अर्ज होता आणि एक्स्टेन्शन अखेर तिच्याकडे गेलं. मँचेस्टरच्या कंपनीने 2014 मध्ये जर्मनीच्या टपाल कंपनीकडून डॉट ट्रस्ट घेतलं आणि कडक नियम तिथे लावून पाहिले. गिऱ्हाईक फारसं आलं नाही. डॉट ट्रस्टही पुढे दुसऱ्या हातात गेलं. माझ्या मते या सगळ्या फेरीतली सर्वात मोठी हुकलेली संधी हीच.

डॉट सिक्युरिटी आणि डॉट प्रोटेक्शन मात्र एका नामांकित अँटिव्हायरस कंपनीने मिळवली होती. तिला ती स्वतःसाठी हवी होती, बाहेरच्यांना विकण्यासाठी नव्हे. एखादा सर्वसामान्य शब्द एका कंपनीने घ्यायचा आणि त्याखालची सगळी नावं फक्त स्वतः वापरायची, अशा एक्स्टेन्शनला या क्षेत्रात ‘क्लोज्ड जेनेरिक’ म्हणतात. वाद पेटला तो यावरून.

हा वाद सुरक्षेच्या शब्दांवरून सुरू झाला नाही. डॉट बुक एका विक्रेत्याच्या ताब्यात जाणार म्हणून प्रकाशक अस्वस्थ झाले. डॉट ब्यूटी एका सौंदर्यप्रसाधन कंपनीकडे जाणार होतं. पुस्तक, सौंदर्य, शोध हे शब्द सगळ्या धंद्याचे आहेत, ते एकाच स्पर्धकाच्या पदरात कसे घालायचे, हा आक्षेप रास्तच होता. फेब्रुवारी 2013 मध्ये याविषयी हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. एप्रिलमध्ये बीजिंगच्या बैठकीत वेगवेगळ्या देशांच्या सरकारांची सल्लागार समिती म्हणाली, की सर्वसामान्य शब्द एकाच्याच वापरासाठी द्यायचा असेल तर त्यातून सार्वजनिक हित साधलं पाहिजे.

सार्वजनिक हित म्हणजे काय, याची व्याख्या करायला कुणी धजावलं नाही, आणि सुरक्षेच्या शब्दांचं नुकसान झालं ते इथेच. बंद एक्स्टेन्शनच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता: सगळी नावं एकाच जबाबदार मालकाकडे असली तर त्याखाली बनावट साइट उभीच राहू शकत नाही. डॉट बुकच्या बाबतीत हा मुद्दा हास्यास्पद ठरला असता, पण डॉट सिक्युरिटीच्या बाबतीत तो गंभीरपणे तपासायला हवा होता. तसं झालं नाही. नोंदणीच्या करारात एक सरसकट कलम आलं: सर्वसामान्य शब्दाच्या एक्स्टेन्शनचा मालक असे पात्रता निकष लावू शकत नाही, ज्यांमुळे नावं फक्त एका व्यक्तीला किंवा कंपनीला आणि तिच्या संलग्न संस्थांनाच मिळतील. जून 2015 मध्ये उरलेल्या अर्जदारांपुढे तीन वाटा ठेवल्या गेल्या: बंदिस्तपणाचा हट्ट सोडा, अर्ज मागे घ्या, किंवा पुढच्या फेरीची वाट पाहा.

त्या कलमाकडे बारकाईने पाहायला हवं. बंदी आहे ती ‘एकालाच’ देण्यावर. परवानाधारकांनाच देण्यावर बंदी नाही. डॉट सिक्युरिटी केवळ नोंदणीकृत सुरक्षा संस्थांना द्यायचं कुणी ठरवलं असतं, तर हे कलम आडवं आलं नसतं. पण वादात दोनच टोकं दिसत राहिली, पूर्ण बंद आणि पूर्ण खुलं. मधली वाट कुणीच धरली नाही, कारण ती खर्चाची होती. देशोदेशीचे परवाने तपासायचे, दरवर्षी ते पुन्हा पाहायचे, त्यासाठी माणसं नेमायची. स्वतःच्या वापरासाठी शब्द घेतलेल्या कंपनीला दुसऱ्यांचे कागद तपासण्यात कसला रस असणार?

पुढे या अँटिव्हायरस कंपनीने दोन्ही एक्स्टेन्शन अनेक एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्या एका अमेरिकी कंपनीला विकली. डॉट ब्यूटीही पुढे याच कंपनीकडे आलं. नव्या मालकाने किंमत चढी ठेवली: डॉट कॉम वर्षाला दहा-पंधरा डॉलरला मिळत असताना डॉट सिक्युरिटीचा किरकोळ भाव साधारण दोन हजार डॉलरच्या घरात. किंमत जास्त असली की भुरटे फिरकत नाहीत, असं समर्थन केलं जातं. भुरट्यांपुरतं ते खरंही असेल, पण मग प्रामाणिक छोटी एजन्सीही तिथे पोचत नाही. खातेदाराला लाखोंचा गंडा घालणाऱ्या टोळीला दोन हजार डॉलर जड नसतात. शिवाय नव्या एक्स्टेन्शनमध्ये पहिला मान असतो ट्रेडमार्कधारकांना. सर्वांना विक्री खुली होण्याआधी त्यांच्यासाठी राखीव काळ ठेवावा लागतो. ट्रेडमार्क पाहिला जातो आणि परवाना पाहिला जात नाही, हे सुरक्षेच्या धंद्यात उलटं वाटतं.

तपासणी करून एक्स्टेन्शन चालवता येतं याचा पुरावा त्याच फेरीत आहे. डॉट बँक 2015 च्या जूनमध्ये सुरू झालं. ते अमेरिकेतल्या बँकांच्या संघटनांनी उभारलेल्या संस्थेकडे आहे. तिथे नाव मागणारी संस्था खरोखर बँक आहे का हे तपासलं जातं, ती तपासणी ठरावीक काळाने पुन्हा होते, आणि नोंदणी करणाऱ्याला आपली ओळख लपवता येत नाही. साइट एन्क्रिप्टेड हवी, ईमेल बनावट पाठवता येऊ नये यासाठीचे रेकॉर्ड हवेत, नावावरून साइटचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हरही डॉट बँकच्याच हद्दीत हवेत. म्हणजे फसवणूक करणाऱ्याने डॉट कॉममध्ये हुबेहूब नाव घेतलं तरी डॉट बँकमध्ये त्याला शिरकाव नाही. डॉट सिक्युअरच्या आराखड्यातलं बरंचसं इथे प्रत्यक्षात उतरलेलं दिसतं.

डॉट सिक्युरिटीचे समर्थक तांत्रिक सुरक्षेकडे बोट दाखवतात, पण त्यात बरीच गल्लत होते. 2012 च्या फेरीतल्या प्रत्येक एक्स्टेन्शनला आपल्या पातळीवर डीएनएसची डिजिटल सही ठेवणं बंधनकारकच आहे, त्यात डॉट सिक्युरिटीचं वेगळेपण नाही. त्याखालचं प्रत्येक नाव सही केलेलं असेलच असंही नाही. खरी तांत्रिक सक्ती आली ती डॉट अ‍ॅपमध्ये. 2018 मध्ये ते सर्वांना खुलं झालं तेव्हा त्याखालची सगळी नावं ब्राउझरच्या अंगभूत यादीत होती, त्यामुळे एन्क्रिप्शनशिवाय तिथली साइट उघडतच नाही. नावात सुरक्षेचा शब्दही नसताना हे झालं.

पण एन्क्रिप्शन म्हणजे समोरचा प्रामाणिक आहे असं नव्हे. बनावट साइटही एन्क्रिप्टेड असते. अ‍ॅड्रेस बारमधल्या कुलपाच्या चिन्हाचा लोक नेमका हाच चुकीचा अर्थ काढतात, म्हणून 2023 मध्ये सर्वाधिक वापरातल्या ब्राउझरने ते चिन्हच काढून टाकलं. एक्स्टेन्शनमधल्या ‘सिक्युरिटी’ या शब्दाला मात्र कुणी हात लावलेला नाही, आणि सामान्य माणसाचा गैरसमज त्यानेही तसाच होऊ शकतो.

गेल्या काही वर्षांत नावामागचा माणूस शोधणं आणखी अवघड झालं. मे 2018 मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला आणि डोमेनच्या सार्वजनिक नोंदीतून मालकांची नावं, पत्ते, फोन बहुतांशी दिसेनासे झाले. मे 2023 मध्ये डॉट झिप विक्रीला आलं तेव्हा फाइलच्या नावासारखं दिसणारं वेबनाव फसवणुकीला आमंत्रण देईल म्हणून सायबर क्षेत्रातल्यांनी जोरदार टीका केली. एप्रिल 2024 पासून नोंदणी कंपन्यांवर फिशिंग, मालवेअर अशा गैरवापराचा पुरावा मिळाल्यावर कारवाई करण्याचं बंधन आलं. बंधन चांगलं आहे, पण ते गुन्हा घडू लागल्यावरचं आहे.

बाजाराने या एक्स्टेन्शनकडे पाठच फिरवली. प्रस्थापित सायबर कंपन्या डॉट कॉम सोडत नाहीत. नवख्या कंपन्या डॉट आयओ आणि डॉट एआय घेतात, जी खरं तर हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाची आणि कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाची एक्स्टेन्शन. एक्स्टेन्शनमध्ये धंद्याचा शब्द असला की शोधात वर येतो, हा विक्रेत्यांचा आवडता दावा आघाडीच्या सर्च इंजिनने 2015 मध्येच खोडून काढला. त्यात रोजची अडचण वेगळीच. कित्येक ऑनलाइन फॉर्म आठ अक्षरी एक्स्टेन्शनचा ईमेल पत्ता ‘इनव्हॅलिड’ म्हणून परत पाठवतात, कारण ते लिहिणाऱ्याने दोन ते चार अक्षरांचीच सोय केलेली असते. निविदा भरताना कंपनीचा स्वतःचाच ईमेल चालू नये, हा त्रास कोण घेईल?

भारतापुरतं सांगायचं तर गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या केंद्रीय कायद्याखाली राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचा परवाना लागतो. महाराष्ट्रात तर सुरक्षा रक्षकांसाठी 1981 पासून वेगळा कायदा आणि सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. सायबर ऑडिट करणाऱ्या कंपन्यांची सरकारने मान्यता दिलेली यादी आहे. म्हणजे तपासायला लागणारी माहिती सरकारदरबारी तयार आहे, पण वेबनावाशी ती कुणी जोडलेली नाही. बँकांच्या बाबतीत ती जोडली गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये मध्यवर्ती बँकेने ‘बँक डॉट इन’ची घोषणा केली, नोंदणीचं काम हैदराबादच्या आपल्याच संशोधन संस्थेकडे सोपवलं, आणि बँकांना स्थलांतरासाठी 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली. सहकारी बँकांची मोठी संख्या असलेल्या महाराष्ट्रात याचा परिणाम लगेच जाणवला, अनेकांना वर्षानुवर्षांचा ओळखीचा पत्ता बदलावा लागला. सोसायटीच्या गेटवर माणूस ठेवणाऱ्या एजन्सीसाठी डॉट इनखाली अशी राखीव सोय करता आली असती, आजही येईल. त्यासाठी जागतिक संस्थेच्या परवानगीची गरज नाही.

नव्या जागतिक फेरीची तारीख एप्रिल 2026 ठरली, शुल्क 2,27,000 डॉलर. जानेवारी 2024 मध्येच कॅलिफोर्नियातल्या त्या जागतिक संस्थेच्या कारभारी मंडळाने ठरवलं होतं, की सार्वजनिक हित तपासण्याची मान्य पद्धत तयार होईपर्यंत बंद सर्वसामान्य शब्दांना परवानगी नाही. 2013 साली बीजिंगमध्ये ज्या सार्वजनिक हिताची अट सुचवली गेली, त्याची व्याख्या अजून आलेली नाही.