तुमचीच बस उशिरा का येते?

बस वेळेवर येत नाही. शेजारची रांग भराभर पुढे सरकते आणि आपली ढिम्म हलत नाही. लिफ्ट येते ती नेमकी उलट्या दिशेला जाणारी. खिशातून हेडफोन काढावेत तर वायरचा गुंता. यातलं काहीच संकट म्हणावं असं नाही, त्यामुळे कुणापुढे गाऱ्हाणं मांडायचीही सोय नसते. मांडलंच तर एखादा शहाणा समजूत घालतो: असं काही नसतं हो, वाईट तेवढं लक्षात राहतं. बस वेळेवर आली ते दिवस आपण विसरतो आणि उशीर झाला ते मोजून ठेवतो.

या उत्तरात तथ्य आहे. हातचं गमावण्याची टोचणी तेवढंच काही मिळाल्याच्या आनंदापेक्षा तीव्र असते, हे डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की यांनी 1979 साली मांडलं आणि ते आता मानसशास्त्रात रुळलेलं आहे. तरीही मला हे उत्तर जरा आळशी वाटतं. सगळा दोष तक्रार करणाऱ्याच्या डोक्यावर टाकला की पुढे काही तपासायला नको. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच तक्रारी शाळेतल्या अंकगणिताने तपासता येतात, आणि तपासल्या की बहुतेकदा तक्रार करणाराच बरोबर निघतो. त्याने रोज इमानदारीने वहीत नोंद केली तरी आकडे त्याच्याच बाजूने बोलतील.

बसचंच घ्या. एका मार्गावर तासाला 6 बस धावतात, म्हणजे दोन बसमध्ये सरासरी 10 मिनिटं जातात. तुम्ही घड्याळ न बघता थांब्यावर पोचलात. कधी बस नुकतीच गेलेली असेल, कधी समोरून येत असेल, म्हणजे सरासरी 5 मिनिटं थांबावं लागेल असं कुणालाही वाटेल. बस अगदी ठरल्या अंतराने आल्या तर ते खरंही आहे. पण समजा त्या आलटून पालटून 5 आणि 15 मिनिटांनी येतात. तासाला बस 6च, सरासरीही 10 मिनिटंच. चालवणाऱ्यांच्या कागदावर काहीच बिघडलेलं नाही.

बिघडलंय ते थांब्यावर. दर 20 मिनिटांतली 15 मिनिटं मोठ्या खंडात, म्हणजे दोन बसमधल्या मोठ्या रिकाम्या वेळात जातात आणि फक्त 5 लहान खंडात. तुम्ही केव्हाही पोचा, मोठ्या खंडात सापडण्याची शक्यता तीन चतुर्थांश. तिथे सापडलात की सरासरी साडेसात मिनिटं थांबायचं. लहान खंडात सापडलात तर अडीच. दोन्हींचा हिशेब मांडला की सरासरी येते सव्वासहा मिनिटं. बस 2 आणि 18 मिनिटांनी येऊ लागल्या तर हीच सरासरी 8 मिनिटांच्या पुढे जाते. दोन बस एकमेकींच्या पाठोपाठच येऊ लागल्या तर थेट 10. एकही बस कमी झालेली नाही, तरी वाट पाहण्याचा वेळ दुप्पट झाला.

सगळी गोम एवढ्यातच आहे. खंड जितका मोठा, तितके जास्त लोक त्यात सापडतात. लहान खंड अनुभवायला थांब्यावर फारसं कुणी नसतंच. संख्याशास्त्रात याला इन्स्पेक्शन पॅराडॉक्स म्हणतात. बस कधीही, कसलाही नियम न पाळता येत असतील, तर गंमत आणखी वाढते. अशा मार्गावर तुम्ही केव्हाही पोचा, पुढची बस सरासरी 10 मिनिटांनी येणार आणि मागची सरासरी 10 मिनिटांपूर्वी गेलेली असणार, म्हणजे तुम्ही ज्या खंडात उभे आहात तो सरासरी 20 मिनिटांचा. ‘आठ मिनिटं झाली, आता येईलच’ हा दिलासाही तिथे पोकळ ठरतो. आठ मिनिटं थांबून झाल्यावरही पुढची सरासरी 10 मिनिटंच राहते. आधी थांबलेला वेळ कुठेही जमा होत नाही.

बस अशा एकमेकींच्या पाठोपाठ येतात तरी का? चालकांनी ठरवलेलं नसतं. एक बस कुठेतरी दोन मिनिटं अडकते. तेवढ्या वेळात पुढच्या थांब्यावर चार माणसं जास्त जमतात. ती चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते, त्यापुढच्या थांब्यावर गर्दी आणखी वाढते. मागच्या बसचं नेमकं उलटं होतं. तिच्यासाठी प्रवासीच उरलेले नसतात, ती मोकळी धावते आणि पुढचीला गाठते. गॉर्डन न्यूएल आणि रेनफ्रे पॉट्स यांनी 1964 साली हे गणिताने दाखवलं: सुरुवातीचा किरकोळ उशीर पुढच्या थांब्यांवर वाढत जातो आणि दोन बसची जोडी जमवू शकतो. एखाद्या मार्गावर ठरल्या अंतराने बस धावताना दिसल्या तर तिथे कुणीतरी मुद्दाम कष्ट घेत असतं असं समजावं.

जोडीतल्या पहिल्या बसमध्ये 60 माणसं कोंबलेली असतात आणि दुसरीत 10. सरासरी 35, म्हणजे गर्दी काही फार नाही. पण प्रवाशांना विचारलंत तर 60 जण सांगतील की बसमध्ये 60 होते, आणि फक्त 10 जण सांगतील की 10 होते. प्रवाशांच्या अनुभवाची सरासरी 53च्या आसपास निघते. रिकाम्या बसची साक्ष द्यायला तिच्यात माणसंच नसतात. त्यामुळे बस चालवणारे आणि बसने जाणारे गर्दीवरून भांडतात तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात.

हाच हिशेब फोनमध्येही शिरला आहे. आपल्यापेक्षा आपल्या मित्रांनाच जास्त मित्र आहेत अशी चुटपुट लागत असेल तर ती बरोबर आहे. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी 1991 साली दाखवलं की बहुतेक लोकांच्या बाबतीत हे असंच असतं. ज्याला शंभर मित्र, तो शंभर जणांच्या यादीत दिसतो. ज्याला दोन, तो दोघांच्याच. तुमच्या यादीत लोकप्रिय माणसं जास्त असणारच. त्यात स्वतःकडे कमीपणा घेण्यासारखं काही नाही.

रस्त्यावर शेजारच्या लेनचा वेग जास्त वाटतो, त्याची गोष्ट जरा वेगळी. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिब्शिरानी यांनी 1999 साली ‘नेचर’मध्ये याची उकल केली. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखाच धरा. वाहतूक मुंगीच्या पावलाने चालते तेव्हा गाड्या एकमेकींना चिकटून असतात, वेग घेतला की पांगतात. कोणत्याही क्षणी पाहिलं तर जास्त गाड्या, म्हणजे जास्त चालक, मंद टप्प्यात अडकलेले असतात आणि बाजूने जाणाऱ्यांकडे बघत बसलेले असतात. तुमचा टप्पा वेगाचा येतो तेव्हा तुम्ही चिकटून उभ्या असलेल्या वीस गाड्या क्षणात मागे टाकता. तेवढ्याच गाड्या तुम्हाला ओलांडतात त्या मात्र एकेक करून, सावकाश. शिवाय ओलांडून गेलेली गाडी पुढे बराच वेळ डोळ्यांसमोर राहते, मागे टाकलेली आरशातून लगेच नाहीशी होते. म्हणून लेन बदलावीशी वाटते. त्यातून हाती बहुधा काही लागत नाही, आणि लेन बदलताना अपघाताचा धोका मात्र खरा असतो.

लिफ्टचं कोडं भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोव यांच्या वाट्याला आलं. त्यांची खोली सात मजली इमारतीत खालून दुसऱ्या मजल्यावर होती आणि सहकारी मार्विन स्टर्न यांची सहाव्यावर. गॅमोव वर जायला निघाले की पहिली येणारी लिफ्ट बहुतेकदा खालीच चाललेली असे. स्टर्नना खाली जायचं असे तेव्हा लिफ्ट वर निघालेली. कारण सोपं आहे. दुसऱ्या मजल्याच्या खाली एकच मजला आहे आणि वर पाच. लिफ्ट कुठेही असू शकत असेल तर ती वर असण्याची शक्यता सहात पाच, आणि वर असलेली लिफ्ट तुमच्याकडे येते ती खाली जातानाच. दोघांनी हे कोडं 1958 साली छापलं. त्यात एक चूक राहिली होती. लिफ्ट कितीही असल्या तरी प्रमाण तेच राहील असं त्यांनी गृहीत धरलं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी 1969 साली दाखवून दिलं की लिफ्टची संख्या वाढत जाईल तसा हा पक्षपात कमी होतो. म्हणजे एकच लिफ्ट असलेल्या इमारतीत तळाच्या लगेच वरच्या आणि माथ्याच्या लगेच खालच्या मजल्यावरच्या लोकांना कुरकुर करायचा अधिकार सर्वात जास्त.

रांगेचं गणित त्याहून उघड आहे. तीन काउंटर, तीन रांगा. तुमची सर्वात वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. दर तीन वेळांपैकी दोनदा शेजारची एखादी तरी पुढे जाणारच. पण इथे बसची युक्तीही लपलेली आहे, जी सहसा ध्यानात येत नाही. तुम्ही पोचता तेव्हा काउंटरवर जो उभा असतो, त्याचं काम लांबणारं असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. झटपट आटोपणारे तुम्ही पोचायच्या आधीच निघून गेलेले असतात. काउंटरशी हुज्जत घालणारा माणूस तुमच्या नशिबी येतो, कारण तो तिथे जास्त वेळ उभा राहतो.

आता वायरकडे वळू. इथे तुम्ही कधी पोचता याचा संबंध नाही, तरी मोजणीशिवाय सुटका नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका डब्यात दोरी टाकली, डबा फिरवला आणि गाठ पडली का ते पाहिलं. असं 3415 वेळा केलं. 2007 साली छापलेल्या निष्कर्षांनुसार 46 सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ जवळपास पडतच नाही. लांबी दीड मीटरकडे जाईल तशी शक्यता झपाट्याने वाढते आणि पुढे लांब, लवचीक दोरीला निम्म्या वेळा गाठ पडते. तीही काही सेकंदांत. एकूण 120 वेगवेगळ्या प्रकारच्या गाठी मिळाल्या. डब्यात दोरीची वेटोळी होतात आणि तिचं मोकळं टोक हेलकावे खात वेटोळ्यांच्या वरून, खालून जातं. वेणी घालायला हात लागतो, इथे नुसता हादरा पुरतो. सरळ राहण्याची तऱ्हा एक आणि गुंतण्याच्या अगणित. खिशात चालण्याचे हादरे बसताना वायर यातली कुठलीही तऱ्हा निवडू शकते. या कामाला 2008 सालचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसायला लावून मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

बुटाची लेस सुटण्यामागे मात्र शुद्ध यंत्रशास्त्र आहे. बर्कली इथल्या अभियंत्यांनी 2017 साली धावणाऱ्या पावलाचं चित्रण संथ करून पाहिलं. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो आणि ती सैलावते. लगेच पाय झोकात पुढे जातो तेव्हा लेसची मोकळी टोकं बाहेर खेचली जातात. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि एकदा टोक सरकायला लागलं की काही पावलांत गाठ सुटते. मेजावरून निसटलेला टोस्ट बटरच्या बाजूनेच पडतो त्यातही बटरचा दोष नाही. रॉबर्ट मॅथ्यूज यांनी 1995 साली दाखवलं की नेहमीच्या मेजाच्या उंचीवरून पडताना टोस्टला साधारण अर्धीच गिरकी घ्यायला वेळ मिळतो. पूर्ण गिरकी हवी असेल तर मेज सुमारे 3 मीटर उंच करावं लागेल.

कारण कळलं की काही त्रासांवर इलाज निघतो. रेमर आणि स्मिथ यांच्याच प्रयोगात दोरीला हलायला जागा कमी ठेवली, किंवा दोरी ताठ घेतली, की गाठी कमी पडल्या. म्हणून वायर घट्ट गुंडाळून लहानशा डबीत ठेवणं खरंच उपयोगी पडतं. रांगांचा अभ्यास कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर क्रारुप एर्लांग यांनी 1909 साली टेलिफोनच्या संभाषणांवरून सुरू केला. त्यातून वाढलेलं शास्त्र सांगतं की तीन काउंटरसाठी तीन रांगांऐवजी एकच रांग ठेवावी. हुज्जत घालणारा एक माणूस आला तर त्याचा भार सगळ्यांवर थोडा थोडा पडतो, कुणा एकाच रांगेचा बळी जात नाही. शिवाय एकीकडे काउंटर रिकामा आणि दुसरीकडे माणसं ताटकळत, असं होत नाही. अडचण एवढीच की एक रांग दिसायला फार लांब दिसते आणि तिला पाहून काही लोक परत फिरतात. मला विचाराल तर तीच रांग पत्करावी.

बसच्या बाबतीत इलाज जरा विचित्र आहे. पुढे धावलेल्या बसला एखाद्या थांब्यावर मुद्दाम दोन-तीन मिनिटं रोखून धरायचं, म्हणजे तिच्या आणि पुढच्या बसमधलं अंतर पुन्हा पहिल्याइतकं होतं. आत बसलेल्यांना हे अजिबात पटत नाही. बस मोकळी आहे, रस्ता मोकळा आहे आणि चालक नुसता बसून आहे. पण लवकर आलेल्या त्या बसमध्ये दहाच माणसं असतात. पुढच्या थांब्यांवर तिची वाट बघणारे कितीतरी जास्त, आणि ते आत बसलेल्यांना दिसत नाहीत.