आकाश स्वच्छ आहे की स्थिर?

जानेवारी २०२५ मधली एक रात्र. थंडीने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून नाशिकजवळ मखमलाबादकडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या होत्या. धूर वर जायला तयार नव्हता. घरांच्या पत्र्यांएवढ्या उंचीवर तो चादरीसारखा आडवा पसरला होता. परसातल्या माझ्या छोट्या वेधशाळेचं छत मी सरकवत होतो, तेवढ्यात शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, "आज कशाला उघडताय? चांदण्या तरी दिसतायत का?"

खरंच फारशा दिसत नव्हत्या. कृत्तिकांचे चार तारे कसेबसे मोजता येत होते. पण गुरू रोहिणीजवळ, जवळजवळ डोक्यावर होता आणि त्याच्या शेजारची रोहिणी निरांजनातल्या ज्योतीसारखी शांत जळत होती. आठ इंची आरशाच्या दुर्बिणीला सहा मिलिमीटरची आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावली, म्हणजे दोनशे पट मोठं चित्र. गुरूचे दोन मुख्य पट्टे दिसलेच, शिवाय पट्ट्यांच्या कडेच्या बारीक गाठी आणि त्यांतून निघालेले निळसर धागेही दिसले. काकांना बोलावलं. ते आयपीसला डोळा लावून बराच वेळ बोललेच नाहीत.

त्याआधीच्या सप्टेंबरातली रात्र याच्या अगदी उलट होती. पावसाने दोन दिवस उसंत घेतली होती, आकाश धुऊन काढल्यासारखं झालं होतं, गंगापूर धरणाच्या बाजूला आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मोठ्या आशेने शनीवर दुर्बीण लावली, तर चुलीवरच्या वाफेतून बघावा तसा तो हलत होता. कडी आहे एवढंच कळत होतं.

नव्याने आकाश बघायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे गोंधळतो. 'आज आकाश छान आहे' या एका वाक्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक स्वच्छता, म्हणजे ताऱ्याचा किती प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो. दुसरी स्थिरता, म्हणजे तो प्रकाश वाटेत किती हलतो. आकाशनिरीक्षकांच्या बोलण्यात पहिलीला ट्रान्सपरन्सी आणि दुसरीला सीइंग म्हणतात. एक चांगली म्हणून दुसरीही चांगली असेलच असं नाही, आणि आपल्याकडे हिवाळ्यात तर दोघींचं बऱ्याचदा पटतच नाही.

रामकुंडावर उभं राहून पाण्यात बघितलंत तर हे लगेच समजेल. पाणी नितळ असलं पण वाहतं असलं, तर तळातलं नाणं चकाकतं, पण त्यावरचा छाप वाचता येत नाही. तेच पाणी किंचित गढूळ पण अगदी थांबलेलं असलं, तर नाणं मंद दिसेल, छाप मात्र वाचता येईल. हवेचं तसंच आहे. धूळ, धूर, बाष्प हा तिचा गढूळपणा, त्याने प्रकाश कमी होतो. गरम आणि थंड हवेच्या कमीजास्त दाटीच्या गोळ्यांमधून किरण जाताना सतत थोडे थोडे वाकतात, तो तिचा प्रवाह. तारे लुकलुकतात ते त्यामुळेच. ग्रह मात्र बिंदू नसून छोटी तबकडी असतात, तिच्या वेगवेगळ्या भागांचं लुकलुकणं एकमेकांत मिसळून जातं, म्हणून नुसत्या डोळ्यांना ग्रह बहुतेक वेळा शांत वाटतात. स्थिरतेचा अंदाज ग्रहावरून घेऊ नका, ताऱ्यावरून घ्या.

थोडे आकडे बघू. पृथ्वीच्या जवळ असताना गुरूची तबकडी साधारण ४५ विकला भरते (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). आठ इंची आरसा सिद्धांताने सुमारे ०.६ विकलांपर्यंतचा बारकावा वेगळा दाखवू शकतो. पण शहरातली हवा साधारण रात्री ताऱ्याचा ठिपका दोन-तीन विकलांपर्यंत फुगवते. म्हणजे गुरूच्या अख्ख्या रुंदीत पंधरा-वीस ठिपके मावतील एवढाच तपशील हातात उरतो, आरसा कितीही उत्तम असो. पहिलं वर्षभर मी आरशालाच दोष देत होतो. तो पुन्हा पुन्हा जुळवला, दुर्बीण परत करावी असंही मनात आलं. आरशात काहीच खोट नव्हती.

आता देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) घ्या. ती आकाशात तीन अंशांच्या आसपास पसरलेली आहे, म्हणजे दहा हजारांहून जास्त विकला. तिथे तीन विकलांचं हलणं कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला तिचा फिकट प्रकाश धुराच्या एका थरात विरून जातो, आणि तोच धूर शहराचा उजेड परतवून आकाशाचा काळेपणाही घालवतो. म्हणून दीर्घिका, तेजोमेघ आणि पसरट, फिके तारकागुच्छ यांना स्वच्छता हवी. ग्रह, चंद्राची विवरं आणि जोडतारे यांना स्थिरता. हे कळल्यापासून माझी एकही उघडी रात्र वाया गेलेली नाही.

स्वच्छता तपासायला साधनं लागत नाहीत. हिवाळ्यात कृत्तिका मोजा. नाशिक २० उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे कृत्तिका जवळजवळ माथ्यावरून जातात आणि त्यांचा प्रकाश हवेच्या सगळ्यात पातळ थरातून येतो. सहा दिसल्या तर ठीक, सात-आठ दिसल्या तर बाकीची कामं बाजूला ठेवा. क्षितिजाकडे बघून निर्णय घेऊ नका. ३० अंश उंचीवर प्रकाशाला माथ्यावरच्या दुप्पट हवा ओलांडावी लागते. आपल्याकडे अगस्ती जेमतेम १७ अंश वर चढतो, त्याला तर तिपटीहून जास्त. म्हणून तो कधी लाल, कधी हिरवा असा रंग बदलत चमचमतो. तेवढ्यावरून रात्र वाईट ठरत नाही.

स्थिरतेला दुर्बीण लागते. माथ्याजवळचा एखादा मध्यम तेजस्वी तारा धरा आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ताऱ्याची गोल चकती होईल. तिच्यावरून लाटा भराभर एकाच दिशेने वाहत असतील तर खूप उंचावरचा वारा जोरात आहे, त्याला इलाज नाही. लाटा संथ असतील, चकतीच्या एका बाजूने धुरासारख्या वर चढत असतील, तर उष्णता तुमच्या नळीतली किंवा आजूबाजूची आहे आणि ती तुम्ही घालवू शकता. नोंदीसाठी अँटोनियाडी या ग्रीक निरीक्षकाची रोमन एक ते पाच ही मोजपट्टी चालते. एक म्हणजे चित्र जराही हलत नाही, पाच म्हणजे कच्चं रेखाटनही काढता येत नाही. पुनर्वसूतल्या कॅस्टरचे पाचेक विकलांवरचे दोन तारे बऱ्याच रात्री सुटे दिसतात. उन्हाळ्यात अभिजितजवळच्या दुहेरी जोडताऱ्याच्या दोन्ही जोड्या, प्रत्येकी अडीच विकलांहून कमी अंतराच्या, स्वच्छ फुटल्या तर रात्र उत्तम समजावी.

परसात वेधशाळा बांधताना हा फरक फार उपयोगी पडतो, कारण स्वच्छता आपल्या हातात नसते, स्थिरतेचा बराच भाग असतो. आधी मी गच्चीवर बसायचो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि आपण नेमके त्याच्याच वर दुर्बीण ठेवतो. परसातलं गवत संध्याकाळीच गार होतं. म्हणून भिंती विटांच्या न करता पातळ पत्र्याच्या केल्या, कारण पत्रा लवकर निवतो, विटा निवत नाहीत. घुमट देखणा असतो, पण आतली गरम हवा त्याच्या चिंचोळ्या फटीतून, दुर्बिणीच्या अगदी समोरून बाहेर पडते. सरकत्या छताला ती अडचण नाही, सगळी खोली एकदम मोकळी होते. छत पाहण्याच्या दीड तास आधी उघडायचं, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका गार होतो. आरशामागे संगणकातला छोटा पंखा लावला तर आणखी लवकर. दुर्बिणीखालचा काँक्रीटचा खांब जमिनीच्या फरशीपासून सुटा ठेवा, नाहीतर तुमच्या पावलांचा हादरा चित्रात उतरेल आणि तुम्ही हवेला दोष द्याल. शेजाऱ्याच्या एसीचा बाहेरचा डबा कुठे आहे तेही जागा ठरवण्याआधी बघून घ्या.

न्यूटनने १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स'मध्ये लिहून ठेवलं होतं की हवेच्या या थरथरीवर उपाय म्हणजे शांत हवा, आणि ती कदाचित उंच डोंगरमाथ्यावर मिळेल. लडाखमधल्या हानले इथे साडेचार हजार मीटरवर आपली दोन मीटरची चंद्रा दुर्बीण आहे ती याच कारणाने. तिथे धूळही कमी आणि बाष्पही, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम मिळतात. जुन्नरजवळच्या गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेने दोन मीटरची दुर्बीण २००६ साली सुरू केली, तीही शहरापासून दूर, उंचावर.

आपल्या वाट्याला तेवढं येत नाही, पण नाशिकचे ऋतू सांभाळून घेतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर स्वच्छतेचे दिवस, मग दव पडायला लागतं आणि भिंग पुसत बसावं लागतं. निफाडकडे पारा उतरतो तेव्हा जमिनीलगत गार हवेचा थर आणि वर गरम, अशी उलटी मांडणी होते. हवा वरखाली होत नाही, धूर तिथेच अडकतो आणि ग्रह स्थिर होतात. उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की धूर जातो, तारे लखलखतात आणि ग्रह पुन्हा उकळायला लागतात.

माझ्या वहीत आता रोजच्या नोंदीला दोन रकाने आहेत. त्या शेकोट्यांच्या रात्रीसमोर लिहिलंय: कृत्तिका ४, अँटोनियाडी एक. काकांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंपणाशी येऊन आधी बागेतल्या धुराकडे बघितलं आणि विचारलं, "आज आडवाच आहे, येऊ का?"