एका निळ्या पडद्याचे तीन वारस: कोल्हापुरातील गेम, ॲप आणि संगणक सुरक्षेच्या प्राथमिक शिक्षणाची पार्श्वभूमी

गेम तयार करणे, मोबाइल ॲप लिहिणे आणि संगणक सुरक्षा हे विषय आज कोल्हापुरात नवशिक्यांना स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकवले जातात. गेल्या पंचवीस वर्षांचा क्रम पाहिला, तर मात्र हे तिन्ही विषय एकाच संगणक प्रयोगशाळेतून आणि एकाच पहिल्या धड्यातून बाहेर पडलेले दिसतात. तो धडा सी या प्रोग्रामिंग भाषेचा होता. तो कोणत्या साधनावर शिकवायचा, या निर्णयाचे परिणाम अजूनही ओसरलेले नाहीत.

१९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जिल्ह्यात संगणक शिक्षणाची पहिली मोठी लाट आली. २००० नंतर शासनपुरस्कृत संगणक साक्षरता अभ्यासक्रमाची केंद्रे गावोगावी उघडली, अनेक टंकलेखन संस्थांनी संगणक घेतले आणि राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये बीसीए-बीसीएसच्या विद्यार्थ्यांसाठी प्रोग्रामिंगचे खासगी क्लास वाढले. विद्यार्थी प्रोग्राम लिहायला शिकले ते महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि या क्लासमध्ये.

तेथील साधन म्हणजे निळ्या पडद्याचा टर्बो सी हा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारे साधन. त्याची पहिली आवृत्ती १९८७ ची आणि सीवर आधारलेली सी++ भाषा सामावून घेणारी १९९० ची. हा कंपायलर टिकून राहण्याला त्या काळात सबळ कारणे होती. तो जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर चालत असे. त्याला इंटरनेट लागत नसे, संपूर्ण फोल्डर एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवला की काम भागत असे, आणि भारनियमनात वीज जाऊन परत आली तरी विद्यार्थी दोन मिनिटांत पुन्हा कामाला लागत असे. कंट्रोल-एफनाइन दाबून प्रोग्राम चालवायचा आणि ऑल्ट-एफफाइव्ह दाबून उत्तर पाहायचे, एवढे पहिल्याच तासाला समजत असल्याने शिक्षकाचा वेळ भाषेवर खर्च होई. तुटपुंज्या साधनांत मोठे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांची ही बाजू आजच्या टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

अडचण निर्माण झाली ती पुढे. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आले आणि सी भाषेचे १९९९ व २०११ मध्ये नवे झाले, पण प्रयोगवहीतील प्रोग्राम होते तसेच राहिले. मुख्य फंक्शनपुढे ‘व्हॉइड’ लिहिणे, पडदा पुसण्यासाठी ‘क्लिअरएससीआर’ आणि शेवटी पडदा थांबवण्यासाठी ‘गेटसीएच’ या सवयी मानकात न बसणाऱ्या असूनही परीक्षेत त्यांनाच गुण मिळत. ६४ बिट विंडोज आल्यावर तर जुन्या १६ बिट रचनेचा टर्बो सी थेट चालेनासा झाला. साधन बदलण्याची ती योग्य वेळ होती. अनेक ठिकाणी त्याऐवजी डॉस या जुन्या कार्यप्रणालीचे सोंग घेणारा डॉसबॉक्स बसवला गेला आणि त्याच्या आत तोच निळा पडदा उघडला गेला. मंजूर अभ्यासक्रम, छापील जर्नले, बाह्य परीक्षकांच्या अपेक्षा आणि प्रश्नसंच हे सगळे एकमेकांत अडकलेले असल्याने एकट्या शिक्षकाने ठरवून हा बदल होण्यासारखा नव्हता.

या निर्णयावरील वाद बहुतेक वेळा ‘सी आधी की पायथन आधी’, म्हणजे पहिली भाषा कोणती, असा मांडला जातो, आणि त्यामुळे खरा मुद्दा बाजूला पडतो. सी भाषेने सुरुवात करण्यात काही चूक नव्हती. मेमरी, तिच्यातील जागेचा पत्ता आणि तो पत्ता साठवणारा पॉइंटर यांची जी ओळख ती करून देते, ती गेम आणि सुरक्षा या दोन्ही विषयांत अत्यंत मोलाची आहे. दोष होता तो तिच्याभोवती गोठवलेल्या यंत्राचा. टर्बो सीमध्ये पूर्णांक १६ बिटांचा असल्याने ३२७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर उणे ३२७६८ येई, आणि विद्यार्थी ही मर्यादा भाषेचीच आहे असे समजून पुढच्या वर्षात जाई. त्याहून गंभीर बाब म्हणजे डॉसमध्ये मेमरीला संरक्षण नव्हते. चुकीच्या पॉइंटरमधून भलतीकडे लिहिले तरी प्रोग्राम बहुधा तसाच पुढे चाले आणि फार तर शेवटी ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ अशी एक ओळ दिसे. आजची कार्यप्रणाली दुसऱ्याच्या मेमरीत हात घालणाऱ्या प्रोग्रामला तिथेच बंद पाडते. संगणक सुरक्षेचा हा पाया ज्या विषयात शिकवता आला असता, नेमक्या त्याच विषयाच्या प्रयोगशाळेत तो दिसत नव्हता.

‘गेट्स’ या फंक्शनचे उदाहरण याच संदर्भात आठवते. वापरकर्त्याने टाइप केलेली ओळ वाचताना दिलेल्या जागेत ती मावते की नाही, हे ते तपासत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या पहिल्या मोठ्या वर्मने (स्वतःच पसरणाऱ्या प्रोग्रामने) ज्या वाटा वापरल्या, त्यांपैकी एक याच उणिवेतून गेलेली होती. २०११ च्या मानकाने हे फंक्शन भाषेतून काढून टाकले. त्यानंतरही विद्यार्थ्याचे नाव वाचून दाखवण्याच्या प्रयोगात ते वर्षानुवर्षे लिहिले गेले. एकाच इमारतीत पहिल्या वर्षाचा वर्ग ते वापरायला शिकत असे आणि शेवटच्या वर्षाचा वर्ग त्याच्यापासून सावध राहायला शिकत असे.

गेमचा पहिला धडाही याच पडद्यावर झाला. चित्रे काढण्याचा पडदा सुरू करणाऱ्या ‘इनिटग्राफ’ला टर्बो सीच्या बीजीआय या चित्रसंचाच्या फोल्डरचा पत्ता देऊन ६४० बाय ४८० बिंदूंच्या, सोळा रंगांच्या पडद्यावर चेंडू उसळवणे हा ठरलेला प्रयोग होता. त्यात चेंडूचा वेग प्रोग्रामला क्षणभर थांबवणाऱ्या ‘डिले’च्या आकड्यावर ठरत असे. पुढे जे गेम इंजिनांकडे, म्हणजे गेम बनवण्याच्या तयार साधनसंचांकडे, वळले, त्यांना पडद्यावरील दोन चित्रचौकटींमधला वेळ मोजून हालचाल ठरवण्याची पद्धत नव्याने शिकावी लागली. २००९ मध्ये युनिटीची मोफत आवृत्ती आणि २०१५ मध्ये अनरियल विनाशुल्क उपलब्ध झाल्यावर क्लासनी या इंजिनांचे धडे सुरू केले. त्याआधी वेबपानांवर गेम चालवणाऱ्या फ्लॅशवर शिकलेल्यांचे कौशल्य २०२० अखेर फ्लॅश बंद झाल्याने निकामी ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या प्रत्येक स्थापनेमागे शुल्क आकारण्याची घोषणा केली आणि वर्षभराने ती पूर्णपणे मागे घेतली. दरम्यान २०१४ पासून मुक्त (मूळ कोड सर्वांना खुला) असलेल्या गोडो इंजिनकडे नवशिक्यांचे लक्ष गेले होते. विद्यार्थ्याला फुकट मिळणारे साधन आणि मुक्त परवान्याचे साधन यांतला फरक या प्रसंगाने जितका स्पष्ट केला, तितका कोणत्याही पाठ्यपुस्तकाने केला नव्हता.

मोबाइलच्या बाबतीत बदल वेगाने झाले. सप्टेंबर २००८ मध्ये अँड्रॉइडची पहिली आवृत्ती आली, पण दोन जीबी रॅमच्या संगणकावर ॲप लिहिण्याचे एक्लिप्स हे साधन आणि फोनची नक्कल करणारा एमुलेटर एकदम चालत नसल्याने शिकवणे खडतर होते. केबलने स्वतःचा फोन जोडून त्यावरच ॲप तपासणे हा त्यावरचा उपाय होता. डिसेंबर २०१४ मध्ये ॲप लिहिण्यासाठीच्या अँड्रॉइड स्टुडिओची पहिली स्थिर आवृत्ती आली. त्यात ॲप जुळवून तयार करणाऱ्या ग्रेडलला लागणाऱ्या फायली उतरवण्याचा खर्च मात्र २०१६ च्या उत्तरार्धात मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावरच परवडू लागला. २०१७ मध्ये कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेला अधिकृत पाठिंबा मिळाला आणि २०१९ पासून तिला प्राधान्य देण्यात आले. परीक्षेपुरती जावा शिकलेल्यांना नोकरीसाठी दुसरी भाषा शिकणे त्यामुळे भाग पडले. प्ले स्टोअरवर नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर भरले की ॲप प्रसिद्ध करता येई. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी ॲप वापरून पाहणाऱ्या २० जणांकडून १४ दिवस चाचणी घेण्याची अट लागली. पुढे ही संख्या १२ वर आली. एकट्याने शिकणाऱ्या मुलाला ही अट जड जाते, हे सांगायलाच हवे.

संगणक सुरक्षेचे वर्ग शहरात ‘एथिकल हॅकिंग’च्या नावाने आले आणि २०१३ मध्ये सुरक्षा चाचणीसाठीची काली लिनक्स ही कार्यप्रणाली आल्यावर त्यांना हाताशी तयार साधनसंच मिळाला. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे हे त्याच्या कलम ४३ खाली येते, आणि तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा भाग पहिल्याच तासाला शिकवायला हवा, पण अनेक ठिकाणी साधनांच्या प्रात्यक्षिकापुढे तो मागे राहिला.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील एका सहकारी बँकेच्या यंत्रणेवर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यातील काही रक्कम कोल्हापुरातील एटीएममधून बनावट कार्डांनी काढल्याचे तपासात उघड झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर झाली. सहकारी बँकांचे मोठे जाळे असलेल्या या जिल्ह्यात त्यामुळे लॉग (यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी) तपासणारी, प्रणाली अद्ययावत ठेवणारी आणि कोणाला कशाची परवानगी आहे हे नोंदवणारी माणसे लागू लागली. पासवर्ड फोडण्याच्या प्रात्यक्षिकाभोवती रचलेल्या वर्गांत ही कामे फारशी शिकवली जात नव्हती.

विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले असून त्यात कौशल्याधारित विषयांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. गेम, ॲप आणि सुरक्षा हे तिन्ही विषय त्यांत बसू शकतात. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत कोणता कंपायलर असावा, हा निर्णय मात्र श्रेयांकांच्या रचनेने आपोआप होत नाही. तो प्रयोगांच्या मंजूर यादीत आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या गुणपत्रकातच करावा लागेल.