विमानातील बॅटरी
इंजिनांवरची जनित्रे फिरू लागण्यापूर्वी, तसेच उड्डाणात ती निकामी झाल्यास, विमानाला वीज पुरवणारी संचायक घटमाला. जमिनीवर सहायक इंजिन चालू करणे आणि हवेत आणीबाणीच्या वेळी अत्यावश्यक उपकरणे जिवंत ठेवणे ही तिची मुख्य कामे. नेहमीचा विद्युत् दाब 24 व्होल्ट. त्यासाठी शिसे-अम्ल प्रकारात 12, तर निकेल-कॅडमियम प्रकारात 20 घट एकसरीत जोडतात. निकेल-कॅडमियम घट भारित (चार्ज) होताना फार तापला, तर त्याचा दाब उतरतो, तो अधिक प्रवाह ओढतो आणि आणखी तापतो. म्हणून अशा बॅटरीच्या तापमानावर वैमानिकाची नजर असावी लागते.

लिथियम-आयन बॅटरी त्याच वजनात बरीच जास्त ऊर्जा साठवते. बोइंग 787 मध्ये 8 घटांची अशी बॅटरी बसवली गेली. 7 जानेवारी 2013 रोजी बॉस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात ती पेटली. 16 जानेवारीला जपानमध्ये दुसऱ्या विमानाला धुरामुळे ताकामात्सु येथे तातडीने उतरावे लागले. त्यानंतर जगभरातील 787 विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. मूळ कारणाचा निर्णायक उलगडा झालेला नाही. एका घटात अंतर्गत लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) होऊन उष्णता शेजारच्या घटांत पसरली, येथपर्यंत अमेरिकी व जपानी तपासाचे एकमत दिसते. लघुपरिपथ कशाने झाला, याविषयी मात्र घटाच्या निर्मितीतील दोष आणि थंडीत भारित करताना साचणारे धातुरूप लिथियम अशा शक्यता मांडल्या गेल्या. दोन्ही घटना ऐन हिवाळ्यातील असल्याने दुसरी शक्यता सहज बाजूला सारता येत नाही. तरी जळलेल्या घटांतून पुरावा मिळणे कठीण होते. अमेरिकी अहवालाने संरचना व प्रमाणन (वापरापूर्वीची अधिकृत तपासणी व मंजुरी) या दोहोंतील उणिवा दाखवल्या, आणि तोच भाग अधिक मोलाचा वाटतो : एक घट पेटला तरी बाकीचे वाचले पाहिजेत, ही अट आधी पुरेशी तपासली गेली नव्हती. सुधारित रचनेत घटांमधील निरोधन वाढवले; बॅटरी पोलादी पेटीत ठेवून धूर थेट विमानाबाहेर सोडण्याची सोय केली.

विद्युत् प्रचालनाचा, म्हणजे बॅटरीच्या विजेवरच विमान चालवण्याचा, इतिहास तुटक आहे. 1884 मध्ये ‘ला फ्रान्स’ हे वायूने भरलेल्या फुग्याचे वायुयान बॅटरीवर उडून निघाल्या जागी परतले. माणसासह विद्युत् विमानाचे पहिले उड्डाण सामान्यतः 1973 मधील ऑस्ट्रियातील मानतात. 2020 मध्ये पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला युरोपीय प्रमाणपत्र मिळाले. मोठ्या विमानांना अडसर वजनाचा : उड्डाणात इंधन जळून विमान हलके होते, बॅटरीचे वजन मात्र उतरेपर्यंत तेवढेच राहते.