एसी लावला की इंजिनचा काटा का चढतो?

एप्रिल लागला की पुण्यातल्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास येते. टळटळीत दुपार, विद्यापीठ चौकात किंवा हडपसरला वाहनांची रांग, एसी चालू, आणि एरवी मध्यावर मुक्काम ठोकून असलेला तापमानाचा काटा हळूहळू वर सरकायला लागतो. एसी बंद केला की थोड्या वेळात खाली येतो. यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात. ‘एसीत गॅस जास्त भरला गेलाय.’ ‘लहान इंजिनला एसी झेपत नाही.’ आणि तिसरं, सगळ्यात घातक: ‘थर्मोस्टॅट काढून टाका, तो थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे काय उपयोग?’ (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप.)

पहिलं क्वचित खरं असतं, दुसरं अर्धवट खरं आहे, तिसरं साफ चूक.

खरं कारण शोधायला बॉनेटसुद्धा उघडावं लागत नाही. गाडीच्या पुढच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघा. समोर बारीक पात्यांची जी चपटी चौकट दिसते ती रेडिएटर नव्हे, तो एसीचा कंडेन्सर, म्हणजे केबिनमधून उपसलेली उष्णता बाहेर टाकणारा भाग. इंजिनचं पाणी निववणारा रेडिएटर त्याच्या मागे, बोटभर अंतरावर. त्याच्याही मागे पंखा. म्हणजे बाहेरची हवा आधी कंडेन्सरमधून जाते आणि तिथे तापून मग रेडिएटरला मिळते. इंजिन थंड करण्याचं काम या आधीच तापलेल्या हवेला करायचं असतं.

ती किती तापते? मध्यम आकाराच्या गाडीचा ढोबळ हिशोब मांडू. काचांतून येणारं ऊन, तापलेलं छप्पर आणि आत बसलेली चार माणसं मिळून एसीला सुमारे ४ किलोवॅट उष्णता केबिनमधून उपसावी लागते. त्यासाठी एसीचा गॅस दाबणारा कंप्रेसर इंजिनकडून साधारण २ किलोवॅट घेतो. ही दोन्ही मिळून ६ किलोवॅट उष्णता कंडेन्सरवाटे बाहेर पडते. आता इंजिन बघा. सिग्नलला उभी असलेली गाडी एसीसह तासाला एक लिटरपेक्षा थोडं जास्त पेट्रोल जाळते, म्हणजे साधारण १० किलोवॅट. त्यातली तिसरा हिस्सा उष्णता इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात जाते, म्हणजे तीन-साडेतीन किलोवॅट. थोडक्यात, चौकात उभ्या गाडीत रेडिएटरपेक्षा कंडेन्सरच जवळपास दुप्पट उष्णता ओकत असतो. बहुतेकांना वाटतं की कंप्रेसरच्या ओझ्याने इंजिन तापतं. ते ओझं असतं, पण चौकातला मोठा वाटा त्याचा नाही.

पंखा सेकंदाला ०.४ घनमीटर हवा ओढतो असं धरलं, तर ६ किलोवॅटने ती हवा तेरा-चौदा अंशांनी तापते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सहाएक टक्के विरळ, म्हणून तेवढ्याच हवेत मावणारी उष्णताही तेवढीच कमी.

आता माझ्या आवडीचा भाग. न्यूटनने १७०१ साली मांडलेला नियम असा की गरम वस्तू किती वेगाने निवते हे तिच्या आणि आजूबाजूच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. रेडिएटर याच फरकावर जगतो. आतलं पाणी ९० अंश सेल्सिअस असू दे. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १२ अंश असेल तर फरक ७८ चा. एप्रिलमध्ये शिवाजीनगरच्या वेधशाळेत ४० ची नोंद होते तेव्हा, तापलेल्या डांबरापासून हात-दीड हात उंचीवर, पुढच्या गाडीच्या धुरात, आपल्या जाळीसमोरची हवा सहज ४४ असू शकते. कंडेन्सरने त्यात १३ घातले की झाले ५७. फरक उरला ३३, म्हणजे डिसेंबरच्या निम्म्याहून कमी.

तरीही निरोगी गाडीचा काटा चौकात हलत नाही, कारण रेडिएटर मुळातच ऐसपैस बनवलेला असतो. समजा सिग्नलला इंजिनची उष्णता बाहेर टाकायला २५ अंशांचा फरक पुरतो. मग ५७ अधिक २५, म्हणजे पाणी ८२ पर्यंत उतरू शकलं असतं. ते तेवढं उतरू देत नाही तो थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेणाची कुपी असते. ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट हवी तेवढी उघडतं. वाट जोवर पूर्ण उघडलेली नाही तोवर क्षमता शिल्लक आहे आणि काटा जागचा हलत नाही. ती पूर्ण उघडली की मात्र पाण्याचं तापमान थेट हवेच्या मागे लागतं. रेडिएटरला मिळणारी हवा एका अंशाने तापली की पाणीही एका अंशाने तापतं.

आता हाच रेडिएटर धुळीने बुजलेला आहे असं धरा. तेवढीच उष्णता टाकायला त्याला २५ ऐवजी ५० अंशांचा फरक लागतो. डिसेंबरात १२ अधिक ५०, म्हणजे ६२; थर्मोस्टॅट सहज सांभाळून घेतो, कुणाला काही कळत नाही. एप्रिलमध्ये एसीविना ४४ अधिक ५०, म्हणजे ९४, अजूनही निभावतं. एसी लावला की ५७ अधिक ५०, म्हणजे १०७! आजार डिसेंबरातही होता, त्याचा काट्यावर मागमूस नव्हता. म्हणून एसी लावल्यावर चौकात काटा चढत असेल तर एसीला दोष देऊ नका. गाडीच्या थंड होण्याच्या क्षमतेतली शिल्लक आधीच संपत आलेली होती. थर्मोस्टॅट काढल्यानेही काही साधत नाही. अशा दुपारी तो आधीच पूर्ण उघडा असतो. उलट काही इंजिनांत तो काढल्यावर पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत राहतो, आणि उरलेलं वर्षभर इंजिन नको तेवढं थंड चालून पेट्रोल जास्त खातं.

मग कंडेन्सर मागे आणि रेडिएटर पुढे का ठेवत नाहीत? याचं उत्तर एसीतल्या गॅसच्या स्वभावात आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव व्हायला हवा, आणि जितकं तापमान जास्त तितका त्यासाठी दाब जास्त लागतो. ५० अंशांना सुमारे १३ बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब), ६० ला १७, ८० ला २६, ९० ला ३२. १०१ अंशांच्या वर तर कितीही दाबलं तरी त्याचा द्रव होतच नाही. हे त्याचं क्रांतिक तापमान. रेडिएटरमधून निघालेली गरम हवा कंडेन्सरला दिली तर घाटाच्या चढावर दाब इतका वाढेल की सुरक्षेचा स्विच कंप्रेसर बंद पाडेल. याउलट इंजिनचं पाणी शंभरीपार गेलं तरी दाबाखाली द्रवच राहतं. दोघांपैकी उष्णता सोसण्याची ताकद रेडिएटरची जास्त, म्हणून त्याचा नंबर मागे.

बघायचं काय, तर आधी त्या दोन चौकटींमधली फट. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि माणूस फसतो. बांधकामांची धूळ, कापूस, किडे, वाळका पाला कंडेन्सरमधून आरपार जाऊन रेडिएटरच्या तोंडावर बसतो आणि तिथे नमद्यासारखा थर धरतो. तो पंख्याच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने काढावा लागतो. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. मग पंखा: एसी लावल्यावर तो फिरायला लागतो ना, आणि दुसरा वेग असेल तर तो मिळतो ना. महामार्गावर काटा उतरतो आणि चौकात चढतो अशी तक्रार असेल तर संशय आधी पंख्यावर घ्यावा, कारण वेगात हवा आपोआप आत शिरते.

दसऱ्याला जाळीवर बांधलेला झेंडूचा हार वाळेपर्यंत तसाच ठेवणारे, बंपरला लिंबू-मिरची टांगून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. गाडीवर माया जरूर असावी, पण नजर लागून रेडिएटर उकळत नाही. हाराने जाळी झाकली तर मात्र हवा नक्की अडते. ‘दहा अंश थंडावा’ देणाऱ्या जादूच्या बाटल्यांवरही पैसे घालवू नका. बोअरचं पाणी ओतणं त्याहून वाईट. नुसतं पाणी कूलंटच्या (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाच्या) मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहतं हे खरं, पण ते लवकर उकळतं, गंज धरतं, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत थर देतात.

रेडिएटरच्या झाकणाचं रबरही तपासून घ्या. कुकरसारखं हे झाकण आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं आणि त्यामुळे पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर गेलं तर दाब टिकत नाही, आणि पुण्याच्या उंचीवर साधं पाणी ९८ ला उकळतं. वरच्या हिशोबातले १०७ मग फार महागात पडतात.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पाणी ८० असो की १००, तो मध्यावरच बसतो. त्यामुळे तो हलला याचा अर्थ बरंच काही आधीच घडून गेलंय. काही गाड्यांत तर काटाच नाही, थेट लाल दिवा.

घाटात गणित थोडं बदलतं. दिवे घाटात मालाने भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन सिग्नलच्या कितीतरी पट उष्णता सोडतं आणि वेग नसल्याने हवा जेमतेम पंख्यापुरती मिळते. तिथे चांगल्या गाडीचंही पाणी काही अंशांनी चढणं स्वाभाविक आहे. काटा मध्य सोडायला लागला की एसी बंद करावा, काचा उघडाव्यात आणि हीटर पूर्ण गरमवर, पंख्याच्या शेवटच्या वेगावर लावावा. हीटर म्हणजे इंजिनच्याच पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर. पायाशी भट्टी पेटते, पण तेवढी उष्णता इंजिनमधून निघून जाते. तरीही काटा लाल रेषेकडे सरकत राहिला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. वरचा रबरी पाइप हाताला कोमट लागेपर्यंत झाकण उघडू नये, मग त्याला तासभर लागला तरी चालेल. दाब सुटताच आतलं १०० च्या वरचं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.